कानाचे खेळ आणि खेळाचे कान

परीक्षणासाठी मासिकांच्या मेजावर येतात ती बहुधा पुस्तके. क्वचित एखाद्या नाटकावर लिहिले जाते, आणि चित्रपटाविषयी लिहिण्यात आता कोणास कमीपणा वाटत नाही. परंतु मुलांच्या हाती जे संगणकावरील खेळ आपण मोठ्या विश्वासाने देतो, त्यांच्या परीक्षणाची जबाबदारी कोणी पत्करलेली दिसत नाही. मुलांसाठी चाळीस पानांचे एखादे पुस्तक निघाले तर त्यातील ऱ्हस्वदीर्घाच्या चुका दाखविण्यास दहा विद्वान पुढे सरसावतात. उलट, 'मुलांची श्रवणशक्ती व भाषा सुधारणारा' असे स्वतःस म्हणवून घेणारा खेळ घेऊन मूल तासन् तास बसते, तेव्हा त्या खेळाची भाषा कशी आहे, त्यातील आवाज कोणाचा आहे, तो मुलास ऐकावयास लावतो की नुसते बोट टेकवावयास, हे पाहण्याची सवड घरात कोणासच नसते. वास्तविक खेळ हीदेखील एक रचना आहे. तिला कर्ता आहे, तिच्या पोटात मुलाविषयीची काही एक समजूत आहे. आणि जेथे समजूत आहे तेथे टीकेस जागा आहे.

हे लिहिण्यास निमित्त झाले ते सोलापुरातील एका घरचे. शहराच्या पूर्व भागात, जेथे गल्लीतून जाताना यंत्रमागांची खटखट अजूनही कानी पडते, तेथे माझ्या परिचयाचे एक कुटुंब राहते. घरातील बोली तेलुगू, मुलीची शाळा मराठी. मुलगी दुसरीत आहे. तिचे मराठी सुधारावे म्हणून वडिलांनी एक खेळ आणून दिला होता. खेळाचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही, कारण या जातीचे पुष्कळ खेळ थोड्याफार फरकाने सारखेच असतात. एक पोपट पडद्यावर येऊन शब्द उच्चारतो. खाली तीन फुगे तरंगू लागतात, प्रत्येकावर एकेक चित्र. उच्चारलेल्या शब्दाचे चित्र ज्या फुग्यावर असेल तो फोडला की एक तारा मिळतो. मुलीने त्या आठवड्यात दोनशेच्या वर तारे जमविले होते आणि त्याचे घरात कौतुकही चालले होते.

मी बसलो असताना तिचा धाकटा भाऊ झोळीत झोपी गेला. आईने आतून सांगितले, "आवाज बंद कर गं." मुलीने आवाज बंद केला, आणि खेळ पुढे चालू ठेवला. तारे पूर्वीसारखेच पडू लागले. मी थोडा वेळ पाहिले आणि न राहवून विचारले, "अगं, पोपट काय म्हणतो ते तर ऐकूच येत नाही. मग तुला कळते कसे?" ती मुळीच ओशाळली नाही. म्हणाली, "काका, त्यात काय! दोन चित्रं आधी येऊन गेलेली असतात. जे नवं असतं तेच फोडायचं. आणि चुकलं तरी फुगा परत येतोच."

श्रवण सुधारणारा खेळ ती मुलगी आवाज बंद करून जिंकत होती! रहस्यकथेत शेवटी आलेले पात्रच नेहमी गुन्हेगार निघत असेल तर चाणाक्ष वाचक जसा मधली पाने वाचण्याचे श्रम घेत नाही, तसे हे झाले होते. कर्त्याने मुलीस जितके ओळखले होते त्याच्या कितीतरी पट अधिक त्या मुलीने कर्त्यास ओळखले होते. तिची बुद्धी वाखाणावी तितकी थोडीच. पण दोनशे ताऱ्यांचा मराठीशी असलेला संबंध मात्र त्या क्षणी तुटला.

याचे उत्तर कोणी असे देईल की हा त्या एका खेळाचा रचनादोष आहे. चित्रे अधिक सावधपणे निवडली की तो जाईल. हे खरे आहे, आणि उत्तम खेळांत तो नसतोही. परंतु दोष दूर झाला तरी मूळ समजूत तीच राहते. ती अशी की तीन वस्तूंतून एक ओळखून काढणे म्हणजे ऐकणे. आपल्याकडे श्रवणाचा विचार याहून फार खोल झालेला आहे. नवविधा भक्तीत श्रवणास पहिले स्थान दिले आहे, आणि दासबोधात श्रवणनिरूपण असा स्वतंत्र समासच आहे. ते सर्व अध्यात्माच्या अंगाने आहे हे मान्य. पण घरातही आजी गोष्ट सांगत असता मुलाने मधून मधून 'हं' म्हणावे असा दंडक असे. हुंकार थांबला की आजीही थांबे, आणि मूल झोपले की गोंधळले आहे हे पाही. मूल गोंधळले असले तर तीच गोष्ट ती निराळ्या शब्दांनी पुन्हा सांगे. म्हणजे ऐकण्याची क्रिया दोन्ही बाजूंनी चाले. सांगणारा ऐकणाऱ्याचे ऐकत असे. पोपटास हे येत नाही.

या खेळांचा उगम पाहू गेल्यास तो वरवरच्या करमणुकीत नसून गंभीर संशोधनात आहे, हे सांगणे न्यायाचे होईल. १९९६ च्या जानेवारीत अमेरिकेतील 'सायन्स' या नियतकालिकात पॉला टॅलल, मायकेल मर्झेनिक व त्यांचे सहकारी यांचे दोन निबंध प्रसिद्ध झाले. ज्या मुलांची भाषा वयाच्या मानाने मागे राहते त्यांपैकी अनेकांस ध्वनीतील अतिशय जलद फेरफार टिपता येत नाहीत, असे त्यांचे प्रतिपादन होते. 'ब' आणि 'द' यांतील भेद व्यंजनाच्या आरंभी सेकंदाच्या अवघ्या काही शतांशांत उरकतो. तो निसटला की शब्दच निसटतो. म्हणून त्यांनी बोलणे यंत्राच्या साहाय्याने ताणून लांबविले, त्यातील जलद भाग ठळक केले, आणि अशा बोलण्यावर संगणकाचे खेळ रचले. मूल जसजसे सुधारेल तसतसे बोलणे पुन्हा नैसर्गिक गतीवर आणावयाचे, ही योजना. कल्पना निःसंशय चतुर होती. पुढच्याच वर्षी 'फास्ट फॉरवर्ड' या नावाने ती विक्रीस आली आणि अमेरिकेतील शाळांतून पसरली.

पुढे जे झाले ते अधिक उद्बोधक आहे. २००८ मध्ये रोनाल्ड गिलम व त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा ते नऊ वर्षांच्या, भाषेत मागे असलेल्या २१६ मुलांवर केलेल्या प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. मुलांचे चार गट पाडले होते. एकास हा खेळ दिला, दुसऱ्यास भाषेचे निराळे संगणकीय खेळ दिले, तिसऱ्या गटातील मुलांस भाषोपचार करणाऱ्या तज्ज्ञांनी स्वतः शिकविले, आणि चौथ्यास गणित, विज्ञान, भूगोल यांचे खेळ दिले, ज्यांचा भाषासुधारणेशी काही संबंध नव्हता. रोज एक तास चाळीस मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस, असे सहा आठवडे चालले. भाषेच्या एकंदर चाचणीत चारही गट सुधारले. आणि कोणताही गट दुसऱ्याच्या पुढे गेला नाही. २०११ साली इंग्लंडमधील संशोधकांनी तोवरचे काटेकोर प्रयोग एकत्र मांडून पाहिले, तेव्हा त्या खेळाने वाचन वा भाषा सुधारते यास त्यांस भक्कम पुरावा आढळला नाही.

यावरून 'खेळ निरुपयोगी' असा निकाल देऊन मोकळे होणे सोपे आहे, पण ते उतावळेपणाचे होईल. भूगोलाचा खेळ खेळणारी मुलेही का सुधारली, हा खरा प्रश्न आहे. माझी समजूत अशी की त्या चारही खोल्यांत एक गोष्ट समान होती. रोज ठरल्या वेळी मूल शांत जागी बसत होते, आणि त्याच्याकडे लक्ष देणारे, त्याला प्रोत्साहन देणारे कोणी मोठे माणूस जवळ होते. माझ्या या समजुतीस दुसरीकडूनही पुष्टी मिळते. फिनलंडमधील युवास्क्युला विद्यापीठात अक्षर आणि ध्वनी यांची सांगड शिकविणारा 'ग्राफोगेम' नावाचा खेळ तयार झाला. त्यावरील प्रयोगांचा आढावा २०२० मध्ये घेतला गेला, तेव्हा शब्दवाचनावर सरासरी परिणाम जवळजवळ शून्य आढळला. परंतु जेथे मोठ्या माणसांचा सहभाग भरपूर होता तेथे परिणाम स्पष्टपणे चांगला होता. त्याहूनही मूलगामी प्रयोग पॅट्रिशिया कूल यांचा, २००३ चा. नऊ-दहा महिन्यांच्या अमेरिकन बालकांस त्यांनी चिनी भाषा ऐकविली. समोर बसून बोलणाऱ्या, खेळविणाऱ्या माणसाकडून ज्यांनी ती ऐकली त्या बालकांच्या कानांस चिनी ध्वनींतील भेद कळू लागले. तेच माणूस, तेच बोलणे पडद्यावरून किंवा ध्वनिमुद्रणावरून ज्यांनी ऐकले त्यांच्या कानांस काही लाभ झाला नाही. तान्ह्या बाळाची गोष्ट शाळकरी मुलास जशीच्या तशी लागू पडत नाही, हे खरे. तथापि कान आपली दारे कोणासाठी उघडतो याची काही कल्पना त्यावरून येते.

आता सोलापूरच्या कानाकडे वळू. पुण्यात बसून मराठीचा खेळ रचणाऱ्यास ज्याची कल्पना येणार नाही असे हे शहर आहे. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी येथे हातमाग व यंत्रमाग उभे केले आणि तेलुगू या शहराची घरची भाषा झाली. अक्कलकोट व दक्षिण सोलापूर या बाजूंनी कन्नड येते. किंबहुना ती येथे आलेली नसून मुळातलीच आहे, कारण ज्या सिद्धरामेश्वरांच्या नावाने संक्रांतीची गड्ड्याची यात्रा भरते त्यांची वचने बाराव्या शतकातील कन्नडातच आहेत. शिवाय उर्दू आहे. बाजारात एकच बाई तीन गिऱ्हाइकांशी तीन भाषांत भाव करते आणि त्याचे कोणास नवल वाटत नाही.

अशा घरातील मूल मराठी शाळेत येते तेव्हा त्याचा कान रिकामा नसतो, भरलेला असतो. तेलुगू आणि कन्नड यांच्या लिपींत महाप्राण अक्षरे आहेत. पण रोजच्या देशी बोलण्यात त्यांना फारसे स्थान नाही. म्हणून 'घर' आणि 'गर', 'भात' आणि 'बात', 'खोट' आणि 'कोट' यांतील भेद त्या मुलास आरंभी जड जातो. हे कानाचे वैगुण्य नव्हे. तो घरच्या भाषेचा नियम आहे. याउलट 'मूल' आणि 'मूळ', 'वेल' आणि 'वेळ' यांत ते कधी चुकणार नाही, कारण 'ळ' त्याच्या घरात सुखाने नांदतो. इंग्रजी शाळेत वाढलेल्या अस्सल मराठी घरच्या मुलांची मात्र तेथे तारांबळ उडते. आणखी एक गंमत पाहा. मराठीत 'च' आणि 'ज' प्रत्येकी दोन आहेत. 'जात' म्हणजे ज्ञाती आणि 'तो जात होता' यांतील 'ज' वेगळे. 'चार' ही संख्या आणि गुरांचा 'चारा' यांतील 'च' वेगळे. देवनागरी हा भेद दाखवीत नाही. तेलुगू बोलीत मात्र हे दोन्ही उच्चार आहेत, त्यामुळे तेलुगू घरातील मुलास ते ऐकताच कळतात. मी पाहिलेल्या खेळातील पोपट, बहुधा लिहिलेल्या अक्षरांवरूनच यंत्राने बोलत असल्याने, 'चारा' हा शब्द 'चार' मधल्या 'च'ने उच्चारीत होता. म्हणजे कानाची परीक्षा घेणाऱ्याचाच उच्चार चुकीचा, आणि ज्या मुलीची परीक्षा घ्यावयाची तिचा कान या बाबतीत परीक्षकाहून तयार!

यात गमतीखेरीज एक धोकाही आहे. असा खेळ शेवटी आकडा देतो: 'श्रवणकौशल्य शेकडा इतके'. 'घर' आणि 'गर' यांत दहा वेळा चुकलेल्या मुलाच्या वाट्यास जो आकडा येतो, तो पाहून आईबाप समजतात की मूल मंद आहे, किंवा ऐकण्यात काही उणीव आहे. आणि याच्या उलटही घडते. खरोखर कमी ऐकू येणारे मूल चित्रांच्या अंदाजाने खेळ जिंकत राहते, आणि कान तपासण्याची वेळ निघून जाते. मुंबईत श्रवणदोषांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे, आणि कान-नाक-घशाचे वैद्य जिल्ह्याच्या ठिकाणीही मिळतात. मूल हाकेस ओ देत नसेल तर त्याला खेळ आणून देण्यापूर्वी तेथे न्यावे, इतके तरी घराघरांतून समजले पाहिजे.

महाराष्ट्रात याचे प्रयोग झालेच नाहीत असे नाही. 'प्रथम' या संस्थेने मुंबई-ठाण्याकडील मुलांस इंग्रजी शिकविण्यासाठी 'पिक्टॉक' नावाचे एक साधे यंत्र वापरले होते. चित्रावर काडी टेकवली की यंत्र त्या वस्तूचे नाव उच्चारी. २००८ मध्ये त्याविषयीचा जो शोधनिबंध आला त्याचे तात्पर्य मला मार्मिक वाटते. यंत्राने लाभ झाला, शिक्षकांनी घेतलेल्या खेळांनीही झाला. पण अभ्यासात जी मुले मागे होती त्यांना शिक्षकांच्या हातून अधिक मिळाले, आणि जी पुढे होती ती यंत्रावर आपल्या गतीने अधिक पुढे गेली. ज्यास आधीच थोडे येते त्याला यंत्र वाट मोकळी करून देते. ज्याची वाट अजून सुरूच झालेली नाही त्यास बोट धरणारे कोणी लागते. या निष्कर्षाकडे आपल्या शाळाचालकांनी जितके लक्ष द्यावयास हवे होते तितके दिलेले दिसत नाही. कारण यंत्रे खरेदी करणे हे माणसे नेमण्यापेक्षा नेहमीच सुकर असते.

सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी म्हणून एक लहान गाव आहे. तेथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांस २०२० साली 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाले, आणि दहा लक्ष डॉलरांपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटली, हे सर्वश्रुत आहे. त्यांच्या कार्यातील जी गोष्ट सर्वांच्या तोंडी झाली ती पाठ्यपुस्तकांवरील क्यूआर संकेतांची. तो संकेत टिपला की कविता ऐकू येते, पाठ दिसतो, गोष्ट सांगितली जाते. पुढे बालभारतीच्या पुस्तकांवरही असे संकेत आले. पुरस्कार देणाऱ्या वार्की प्रतिष्ठानाच्या परिचयात मात्र संकेतांच्या आधीची एक गोष्ट नोंदलेली आहे, ती बहुतेकांच्या नजरेतून निसटते. शिक्षक आधी गावात राहावयास गेले आणि मुलांच्या घरची भाषा शिकले, असे तेथे म्हटले आहे. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. पुस्तकावर संकेत छापणे हे सरकारी छापखान्यास जमते. मुलाच्या घरचे बोलणे आधी आपण ऐकून घ्यावयाचे आणि मग त्याला काय ऐकवावे हे ठरवावयाचे, हे कोणत्याही परिपत्रकाने साधणारे काम नव्हे.

यंत्राच्या बाजूचे बोलणेही बोलले पाहिजे. यंत्र कंटाळत नाही. तोच शब्द शंभर वेळा विचारा, त्याच्या कपाळावर आठी पडत नाही. वर्गात 'गर' म्हटल्यावर जे हसू होते ते यंत्रापुढे होत नाही, आणि लाजाळू मुलास हा आधार लहान नाही. कानास नुकतेच श्रवणयंत्र बसविलेल्या मुलास जी अखंड पुनरावृत्ती लागते तीही त्याला घरबसल्या मिळू शकते. गूगलने २०१९ साली 'बोलो' नावाने जो वाचनाचा खेळ काढला आणि २०२० मध्ये नव्या नावाने मराठीसही खुला केला, त्यात मूल मोठ्याने वाचते आणि यंत्र ते ऐकून अडल्या जागी मदत करते. यंत्रास निदान एक कान फुटला, ही प्रगतीच म्हणावयाची. तो कान सोलापूरच्या मराठीस कितपत सरावेल यावर त्याची येथील योग्यता ठरेल. डोळ्यांवर ताण येतो, सवय लागते, इत्यादी आक्षेप घरोघर ऐकू येतातच. त्यांची पुनरुक्ती मी करीत नाही.

आपल्याकडील जुन्या खेळांत पाहिले तर हे कर्ते बसल्या जागी पुष्कळ शिकतील. 'चिमणी उड' हा खेळ घ्या. सांगणारा भराभर नावे घेतो. उडणाऱ्याचे नाव आले तरच बोट वर करावयाचे, म्हशीला वर केले की बाद. ऐकणे, अर्थ लावणे आणि हात आवरणे, तिन्ही एका क्षणात! आणि सांगणारा मुद्दाम फसवितो, कोण पेंगतो आहे ते पाहून त्याच्यासाठी नाव निवडतो. मॅथ्यू कॅम व त्यांच्या सहकाऱ्यांस खेड्यांतील मुलांसाठी इंग्रजीचे खेळ रचताना हे जाणवले असावे, कारण २००९ च्या त्यांच्या निबंधात आपल्या देशातील अठ्ठावीस पारंपरिक खेळांचा अभ्यास आहे. माँटेसोरीबाईंचा मौनाचा खेळ तर याहून अद्भुत. रोममध्ये १९०७ साली सुरू झालेल्या त्यांच्या बालगृहातून तो जगभर गेला. मुले निःशब्द बसतात. शिक्षिका शेजारच्या खोलीत जाऊन अगदी कुजबुजत्या स्वरात एकेकाचे नाव घेते. ज्यास आपले नाव ऐकू येईल त्याने पाऊल न वाजविता उठून तिच्याकडे जावयाचे. बाईंनी आरंभी बक्षीस म्हणून खाऊ ठेवला होता. मुलांस त्याची गरजच वाटली नाही, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. आपले नाव कोणीतरी घेईल याची वाट पाहत बसणे, यातच त्यांचे सर्व बक्षीस होते. दोनशे ताऱ्यांच्या हिशोबात हे कोठे बसवावे?

पुढच्या खेपेस सोलापूरला गेलो तेव्हा त्या घरी रात्री वीज गेली होती. माग थांबलेले, त्यामुळे गल्लीत कधी नव्हे इतकी शांतता. मुलीने पोपट बाजूस ठेवून आम्हां सर्वांस ओसरीवर बसविले आणि 'चिमणी उड' मांडला. सांगणारी अर्थात तीच. अर्धी नावे ती मराठीत घेई, अर्धी तेलुगूत, आणि मध्येच एखादे शेजारणीकडून उचललेले कन्नड. तिच्या आजीला मराठी बेताचेच येते, पण तिचे बोट एकदाही चुकले नाही. 'घार' म्हणताना मुलीने 'घ' इतका जोर देऊन काढला की मी दचकलो. आणि लगेच तिने तेलुगूत काहीतरी उच्चारले. माझे बोट सवयीने वर गेले. सगळे हसले. ते कासव होते, असे तिच्या वडिलांनी मला मागाहून सांगितले.